काकूंची सुई

जगातलं कुठलंही काम एकट्याने करायचं नसतं, असा आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंचा ठाम सिद्धांत आहे. काकू मूळच्या दिवाळे गावच्या, खाडीकाठच्या. तिथे होडी ओढायलाही अख्खी आळी लागायची, त्याचा हा परिणाम असावा. गॅसचा सिलिंडर आला की त्या माझी बेल वाजवतात. मी काही करायचं नसतं, नुसतं बघायचं असतं. दाढ काढायला गेल्या तेव्हा सोबत तीन बायका होत्या, आणि निघालेली दाढ सगळ्यांना दाखवून मगच त्यांनी टाकू दिली. काका वारल्यापासून त्यांना काकांचं पेन्शन मिळतं. त्यासाठी दरवर्षी बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. त्याही कामाला त्या आम्हा चौघींना घेऊन गेल्या. खिडकीमागचा माणूस चक्रावून म्हणाला, "मॅडम, तुमच्यापैकी हयात कोण?"

"सगल्याच हाव की!" काकू म्हणाल्या.

पण काकूंचं खरं कर्तृत्व दिसतं ते पावसाळ्याआधी, फ्लूच्या लशीच्या वेळी. आमच्या सेक्टरच्या मेडिकलमध्ये आतल्या खोलीत एक डॉक्टरीणबाई बसतात. माणसाने जावं, दंड पुढे करावा आणि घरी यावं. काकू मात्र आदल्या दिवशी दारोदार आमंत्रण करत फिरतात. "उद्या पाच वाजता सुईला यायचं हां. साडी जरा बरी नेस, नि बाही ढिली घाल." भिणारीचा हात त्या धरतात, ओरडणारीच्या आधी स्वतःच ओरडून तिला गप्प करतात, आणि टोचून बाहेर येणाऱ्या प्रत्येकीच्या हातावर दिवाळ्याहून आणलेल्या सुकटीची पुडी ठेवतात. हे वाण! मेडिकलवाला दरवर्षी काकुळतीला येतो. "काकू, प्लीज! वास घेऊन गिऱ्हाईक विचारतं, औषधं एक्स्पायर झाली का म्हणून." काकू त्यालाही एक पुडी देतात. तो ती गुपचूप गल्ल्यात ठेवतो.

यंदा माझी आई साताऱ्याहून कायमची माझ्याकडे आली होती. बाबांना जाऊन थोडेच महिने झाले होते आणि तिने घराबाहेर पडणंच सोडलं होतं. बागेत चल म्हटलं की "तुम्ही जा", देवळात चल म्हटलं की "माझं काय काम तिथं?" एवढी बोलकी बाई नुसती भिंतीकडे बघत बसलेली पाहून मला रडू यायचं. लस घ्यायलाच हवी असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण किती विनवलं तरी ती जागची हलेना. शेवटी काकू आमंत्रणाला आल्या.

"मला कशाला बोलावता?" आई म्हणाली. "चार बायकांत आता बरं दिसतं का ते?"

काकू तिच्या शेजारी टेकल्या. त्यांचा आवाज एवढा खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "आमचे गेले ना ताई, तरी हळदीकुंकवाला मना बोलवतात. नाय बोलवत असं नाय. पन माझ्यापाशी आल्यावर कुंकवाचा हात जरा अडखलतो. तो अडखललेला हात मना नाय बघवत. म्हनून मी ही सुई काढली. सुई कपाल नाय बघत ताई, दंड बघते."

दुसऱ्या दिवशी दुपारीच आईने ट्रंक उघडली आणि मला विचारलं, "ही साडी चालेल का गं?"

मेडिकलसमोर नेहमीसारखी जत्रा भरली होती. सर्वांत पुढे काकू आणि त्यांच्या मागे, त्यांच्या पिशवीचा एक बंद धरून, आई. डॉक्टरीणबाईंनी तिचा दंड स्पिरिटने पुसला आणि सुई टोचली. हात कुठेही अडखळला नाही. बाहेर काकूंनी पुडी पुढे केली, तर आईने ती पदर पसरून घेतली. मेडिकलवाला बघतच राहिला.

सकाळी उठले तेव्हा घरभर सुकट भाजल्याचा वास होता. आई ओट्याशी उभी होती.

"दंड दुखतोय का गं?" मी विचारलं.

"दुखतोय की," डाव्या हाताने दंड चोळत ती म्हणाली. मग समोरच्या बंद दाराकडे बघून, कितीतरी दिवसांनी, हसली.

"आज सगळ्यांचाच दुखत असेल, नाही?"