आमच्या कडबाकुट्टीला झाकण नाही

सकाळच्या पोस्टवर तुम्ही माझं कौतुक केलंत, पण मी चुकीचं लिहिलं होतं. चारा कापायच्या कुट्टीचं बटण मी नाही, ताईने बंद केलं. म्हणून पाच वर्षांच्या भाचीचा हात वाचला, नुसती बाही फाटली. मक्याची ताटं यंत्रात सारायला तिला मीच शिकवलं होतं.

आमचे वडील, आण्णा, म्हणाले, “आमी न्हाई का लहानपनी कुट्टी केली?”

“तवा ती हातानं फिरवायची हुती, आण्णा. झाकण बसवा, मगच पोरगी आणते,” म्हणत ताई दुपारच्या एसटीने तिला घेऊन पुणतांब्याला परतली.

दोघी आठ दिवस राहणार होत्या. आता गोठ्यात गाईंशी गप्पा मारणारं कुणी नाही. भाची इथं असावी असं फार वाटतंय.

तुमच्या कुट्टीला झाकण आहे का? मी बुधवारी सकाळी वेल्डरला घरी आणणार आहे.