काकांचा कॅमेरा सोलताना

तीस वर्षं उपसंपादक होतो. बातमीत 'चमत्कार' आला की आधी तो शब्द खोडायचो... आजही खोडेन. म्हणून जे घडलं तेवढंच लिहितोय.

निवृत्तीनंतर नवनगरच्या घरी मी जुने कॅमेरे दुरुस्त करतो. गेल्या महिन्यात एका रविवारी, दुपारी चार वाजता, मळमड्डीच्या शशिकलाकाकू रिक्षाने आल्या. आमच्या जुन्या शेजारीण, वय एक्याऐंशी. पिशवीत काकांचा जपानी कॅमेरा. गणिताचे मास्तर असलेले काका जाऊन सहा वर्षं झाली. त्यांनी काकूंचे शेकडो फोटो काढले, पण कॅमेऱ्याला कधी हात लावू दिला नाही. कारण एकच — "तू हलवशील."

"मला एक फोटो काढायचाय," काकू म्हणाल्या. "मोबाइलवर नको. ह्याच्यावरच."

बटण दाबल्यावर दहा सेकंदांनी फोटो काढणारा सेल्फ-टायमर गंजून घट्ट बसला होता आणि त्यामुळे शटरही अडकलं होतं. स्क्रू पुढच्या चामड्याखाली. म्हणजे चामडं काढणं आलं. ते झिजून, आकसून कडेला वळलं होतं. स्पिरिटचे थेंब सोडले, दोन मिनिटं थांबलो, कोपऱ्यात पातळ पातं सरकवलं...

झर्रर्र.

गंजलेला सेल्फ-टायमर दहा सेकंद चालला आणि थांबला. मी पातं काढलं, पुन्हा घातलं. पुन्हा झर्रर्र. तिसऱ्यांदाही तेच.

"जुन्या स्प्रिंगमध्ये ताण उरतो, काकू."

"स्प्रिंग कसली? हे आहेत." मग कॅमेऱ्याकडे वळून कानडीत, "साक री. बिड्री ईग." पुरे झालं, सोडा आता. काकू चिडल्या की कानडीत बोलतात, आणि तेवढंच काका ऐकायचे.

चामडं एका तुकड्यात सुटलं. इतकं जुनं चामडं माझ्या हातून तरी कधी अखंड निघालेलं नाही.

सेल्फ-टायमर मी पूर्णच काढून टाकला. सगळे भाग काडेपेटीत ठेवले, शटर साफ केलं, जुन्या चामड्याच्या मापाने नवं कापून चिकटवलं. गुरुवारी रोल भरून मळमड्डीला गेलो.

काकूंनी मला अंगणात खुर्चीवर बसवलं. कॅमेरा स्टुलावर ठेवला, वाकून डोळा लावला, बटण दाबलं.

झर्रर्र.

"बघ," काकू म्हणाल्या, "अजून मास्तरकी." पदर सारखा केला आणि दहा सेकंदांच्या आत माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. क्लिक.

मग परत गेल्या. "झालं तुमचं? आता माझं." या वेळी कॅमेरा हातात धरला. बटण दाबताच क्लिक.

घरी येऊन काडेपेटी उघडली. भाग मोजले. एकही कमी नाही. दोन मेकॅनिकना विचारलं. एक हसला, दुसऱ्याने विषय बदलला.

छत्तीसच्या रोलवर दोनच फोटो. पहिला स्वच्छ, काकू मधोमध. दुसरा साफ हललेला. मी आहे हे मलाच सांगावं लागलं.

काकूंनी दुसराच फ्रेम करून घेतला आणि काकांच्या तसबिरीच्या बरोब्बर समोर टांगला.