पुस्तकात तीनच आहे

‘तीन नंबर, सर.’ माझा प्रश्न अर्धाच वाचून झालेला असायचा आणि तिचं उत्तर हजर. मान खाली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलेलं. आणि उत्तर बरोबरच असायचं.

मी जीवशास्त्राचा निवृत्त मास्तर. डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या मुलांकडून सराव प्रश्न सोडवून घेतो. अशी पुन्हा पुन्हा परीक्षेला बसणारी मुलं तुमच्याही इमारतीत असतील. लग्नाला येत नाहीत, गणपतीत दिसत नाहीत, आणि दिसलीच तर आपण नेमकं नको ते विचारतो. ही तिसऱ्यांदा बसत होती. वडील कल्याणच्या बाजारात कांद्याच्या गाळ्यावर कामाला. ‘यंदा शेवटचं,’ असं त्यांनी तिला बजावलं होतं.

तीन वर्षं तिच्याकडे तेच चार जाडजूड प्रश्नसंच. उत्तरं खोडरबरने पुसायची आणि पुन्हा सोडवायची. ‘नवं पुस्तक घे गं,’ म्हटलं की म्हणायची, ‘सर, हे आधी पक्कं होऊ दे ना.’ मलाही तिचं भारी कौतुक. नव्या मुलांसमोर तिला उभी करायचो आणि धडाधड प्रश्न विचारायचो. उतारवयात असा एखादा विद्यार्थी मिळाला की मास्तर जरा चढतोच.

मार्चमध्ये एकदा माझा चष्मा घरी राहिला. युरिया शरीरात कुठे तयार होतो, हा प्रश्न मी आठवणीतून विचारला आणि पर्यायांचा क्रम चुकला. यकृत, म्हणजे बरोबर उत्तर, पहिलं आलं.

‘तीन नंबर, सर.’

‘अगं, तीनला मी मूत्रपिंड म्हणालो.’

‘पण पुस्तकात तीनच आहे.’

मुलं हसली. ती हसली. मीही हसलो.

खोटं कशाला सांगू, मला त्याच दिवशी कळलं होतं. ती प्रश्न वाचतच नव्हती, तिला पानं पाठ होती. ती पुस्तकं तेव्हाच काढून घ्यायला हवी होती. पण परीक्षा तोंडावर आलेली, आणि पोरीचा चेहरा तीन वर्षांत पहिल्यांदा उजळलेला. माझी जीभ रेटली नाही. त्याच आठवड्यात तिची आई आली. ‘सर, यंदा होईल ना हिचं?’

‘डोळे झाकून,’ मी म्हणालो.

परीक्षेहून ती थेट माझ्याकडे आली. ‘सर, एकपण प्रश्न ओळखीचा नव्हता ओ.’ एवढंच बोलली, पाणी प्यायली आणि गेली. निकालात ती गेल्या वर्षीपेक्षाही मागे पडली.

नंतर एकदा आईच आली. ‘ती म्हणते, सरांना विचार, माझं काय चुकलं.’

‘पेपरच अवघड निघाला,’ मी म्हणालो. बाईंनी मान डोलावली आणि वर माझे आभार मानले. मला फार लाज वाटली.

आता ती आमच्याच रस्त्यावर एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते. डॉक्टरांनी मला रक्तातली साखर तपासायला सांगून दोन महिने झाले. मी सकाळी उपाशीपोटी निघतो, लॅबच्या अलीकडच्या टपरीवर थांबतो आणि चहा पितो. चहा प्यायल्यावर मग तपासणी करता येत नाही.