फ्रँकफर्ट ते पुणे, आफ्रिकेवरून

संतोषच्या रक्ताच्या कर्करोगावर मूळपेशींचं प्रत्यारोपण हाच उपाय उरला होता. जुळणारा दाता जर्मनीत सापडला आणि पेशी पुण्यात आणायचं काम उत्कर्षाकडे आलं. लातूरहून येऊन कात्रजला स्थिरावलेली उत्कर्षा रुग्णालयात प्रत्यारोपण समन्वयक होती. दात्यापासून विमानापर्यंत सगळं तीच जुळवायची.

अशा पेशी बहात्तर तास टिकतात. त्यातले वीस सरले होते. पेशींची पेटी घेऊन एक स्वयंसेविका फ्रँकफर्टच्या विमानतळावर पोचली, आणि मुंबईचं विमान रद्द झालं. आखातावरचं आकाश विमानांसाठी अचानक बंद केलं होतं.

इकडे केमोनं संतोषची स्वतःची अस्थिमज्जा संपवून टाकलेली. आता माघार नव्हती; नव्या पेशींशिवाय तो जगणार नव्हता.

उत्कर्षाचा संगणक सांगत होता, साडेसहा हजार किलोमीटर, आठ तास. पण ते सरळ रेषेतलं अंतर, आणि ती रेषा नेमकी बंद आकाशातून जात होती. थेट विमान उद्या संध्याकाळी, तेही आकाश उघडलं तर. तिनं दुसरा मार्ग शोधला : अदिस अबाबावरून.

"अहो उत्कर्षाताई, रुग्ण पुण्यात आहे, इथिओपियात नाही," डॉक्टर अनिरुद्ध म्हणाले.

"सर, अंतर दीडपट आहे, पण वाट उघडी आहे. आत्ता निघालं तर मुंबईहून घाटातून यायचा वेळ धरूनसुद्धा पंचवीस तासांत पेटी इथे."

"मध्ये अदिसला चार तास नुसतं बसून राहायचं?"

"उशीर झाला तर तेवढी सवड हवी."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "घ्या तिकीट."

बाहेर संतोषची बायको श्रद्धा उभी होती. "ताई, निघालं का विमान?"

खोटं बोलणं उत्कर्षाला जमेना. "पहिलं रद्द झालं. दुसरं धरलंय. लांबून येतंय."

श्रद्धानं उत्कर्षाचा हात घट्ट धरला.

फ्रँकफर्टला बर्फ पडत होता. विमान तीन तास धावपट्टीवरच अडकलं. चार तासांच्या सवडीतला जेमतेम एक उरला. पुढचं विमान चुकलं तर दुसरं दुसऱ्या दिवशी. उत्कर्षाचा जेवणाचा डबा तसाच राहिला. अदिसला विमान उतरल्याचं दिसलं, पण स्वयंसेविकेचा फोन लागेना. आपणच हट्ट धरला, आपल्यामुळे संतोष जाणार, हे मनातून हटत नव्हतं. शेवटी निरोप आला : 'जागेवर बसले. पेटी मांडीवर आहे.'

उत्कर्षानं डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेटी पुण्यात आली. पुरेशा पेशी जिवंत असल्याचं प्रयोगशाळेनं सांगितलं आणि पेटीतली पिशवी संतोषच्या शिरेला लागली.

काचेपलीकडून बघत श्रद्धा म्हणाली, "एवढीशीच?"

पुढचे अडीच आठवडे ताप चढत-उतरत राहिला. मग एका सकाळी उत्कर्षा स्वारगेटला बस बदलत असताना डॉक्टरांचा फोन आला. संतोषच्या निरोगी पांढऱ्या पेशी वाढू लागल्या होत्या; दात्याच्या पेशी रुजल्या होत्या. तिची बस समोरून निघून गेली. तिनं ती जाऊ दिली आणि गर्दीतच उभी राहून श्रद्धाला फोन लावला.