बसलेला बैल

जैनथकडच्या एका गावात राहीबाईला सगळे आळशी आई म्हणत, आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. बाजारात भाजी विकताना जिच्या ओरडण्यानं शेजारचा दुकानदार कानात बोटं घालायचा, ती बाई घरी सहा वर्षांच्या सपनाला मात्र काहीच शिकवत नसे. पोरीनं विचारावं, "आई, दिवसा चांद कुठं जाते?" हिनं वांगी निवडत उलट विचारावं, "तुले काय वाटते, कुठं जात असन?" मग सपना दिवसभर चांदाला कुठं कुठं लपवत फिरायची. एकदा तर त्याला आजोबांच्या धोतरात बसवला होता.

लेकरांच्या कल्पनेला वाव कसा द्यावा, असं अंगणवाडीच्या बाईंनी आयांना विचारलं, तेव्हा राहीबाई म्हणाली, "आपले हात मांगं बांधाचे अन् तोंडाले कुलूप लावाचं. सोप्पं हाये."

सासरे बापूजींना हे बिलकूल पटत नसे. "लेकरू म्हंजे कच्चं मडकं. थापटल्याबिगर आकार येते काय?"

"लय थापटलं तर फुटते बी, मामाजी."

पोळ्याला बापूजींनी बैल धुतले, सजवले आणि नातीला बजावलं, "आज बैलाले कामाले लावाचं नाही. पाप लागते." सपनानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा. पोरंपोरी लाकडी बैल सजवून मारुतीपुढं रांगेत उभे करतात. सपनाला लाकडाचा नको होता. तिनं वावरातली काळी माती आणली आणि बैल केला. पाय पोटाशी घेतलेले, हनुवटी भुईवर, डोळे गच्च मिटलेले.

"बसका बैल!" बापूजी कपाळावर हात मारून म्हणाले. "असा तर बाजारात कोणी फुकट नेत नाही."

राहीबाई खो खो हसली. पण तेवढ्यात शेजारची बयनाबाई आपल्या नातवाचा चाकाचा, आरशांचा बैल मिरवत आली आणि वाकून बघत म्हणाली, "अवं राही, मेला काय हा?"

झालं! राहीबाईचं हसू गेलं. मारुतीपुढं सारं गाव जमणार. म्हणतील, आई आळशी अन् पोट्टी मठ्ठ. सपना आंघोळीला गेली होती. राहीबाईनं आजूबाजूला पाहिलं, तुऱ्हाटीच्या चार काड्या मोडल्या, बैलाच्या पोटात खुपसल्या आणि त्याला उभा केला. डोळ्यांच्या जागी तुरीचे दोन दाणे दाबले. बैल टकामका बघू लागला.

सपना आली. केसांतून पाणी गळत होतं. तिनं वाकून बैलाच्या पोटाखाली पाहिलं. रडली नाही.

"याले काऊन उभं केलं?"

"अवं, चांगला दिसून राह्यला नं?"

"मोठ्या बैलाइचा पोळा काल झाला. याचा आज हाये. तू याले आजच कामाले लावलं." तिनं दोन्ही हात मागं घेतले. "तूच घेऊन जाय. आता तुहाच बैल हाये तो."

राहीबाईला आपलंच बोलणं आठवलं. आयुष्यभर हात मागं बांधायची शेखी मिरवली, आणि वेळ आली तेव्हा हातच आवरला नाही! आता ही पोरगी पुन्हा मातीला बोट लावते की नाही, या भीतीनं ती बैलापुढं उकिडवी बसली. तिनं एकेक काडी उपसून फेकली.

"चुकलं माय. डोळे तूच मिटून दे त्याचे."

सपनानं चांगलाच भाव खाल्ला. मग ओली माती घेऊन हळूच डोळे मिटले.

मारुतीपुढं सगळे बैल उभे आणि एक बसलेला. लोक हसायला लागले तशी सपना करवादली, "हळू बोला नं, झोपला हाये तो!" सुरुवातीला लाजून मागं दडलेले बापूजी घटकाभरात पुढं आले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दटावू लागले, "काय कल्ला करून राह्यले बे? झोपू द्या त्याले!" बक्षीस अर्थातच चाकवाल्याला मिळालं.

घरी आल्यावर राहीबाई पुन्हा गॅसच्या ओट्यापुढं उभी राहिली. सकाळपासून मधला वेळ सोडला तर ती तिथंच उभी होती, पुरणाच्या पोळ्या संपता संपत नव्हत्या. सपना उरलेली माती घेऊन दारात बसली.

"आई, आता तुले बनवून राह्यली. बसलेली."

बापूजींनी पोळीचा घास हातात धरूनच विचारलं, "बसलेली? मंग तुही माय हाये म्हणून कोणी वळखन काय?"

राहीबाईनं वळून सासऱ्याकडं पाहिलं. मग उलथनं त्यांच्या हातात दिलं आणि पोरीसमोर फतकल मारून बसली.

"घे, नीट पाहून बनव," ती म्हणाली. "मामाजी, तव्यावरची उलटा, नाही तं करपन."