भोंग्यावर न पुकारलेलं नाव

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या भावावर. कधी झाला तेही सांगते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की पोरगी मोघम बोलते. मोठा दुष्काळ सरून पहिलं पीक घरात आलं, त्यानंतरच्या चैत्रात, वेल्ह्याकडच्या आमच्या गावच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, बैलगाड्यांच्या शर्यतीची शेवटची फेरी संपली आणि धूळ अजून खाली बसायची होती, तेव्हा. दादानं गाडी पहिली आणली होती. बैलांच्या तोंडाला फेस, दादाच्या दातांत माती. त्यानं कासरे सैल सोडले तोच गाडीचे मालक आले आणि म्हणाले, "उतर खाली. फोटू काढायचाय."

दादा उतरला. मालकांचा मुलगा वर चढला. त्या गाडीवर त्यानं जन्मात बूड टेकलं नव्हतं. त्याला फेटा बांधला, गुलाल लावला, भोरहून बोलावलेल्या फोटोवाल्यानं कॅमेरा रोखला. भोंग्यावर आधी ग्रामदैवताचं नाव पुकारलं, मग मालकांचं, मग दोन्ही बैलांची नावं. बैलांची! गाडी हाकणाऱ्याचं नाव नाही.

"रीतच हाय ती," लोक म्हणाले. आहे, रीत आहे. गाडी मैदानात उतरते ती देवाच्या आणि मालकाच्या नावानं. हाकणारा म्हणजे गडी. आणि तो आमच्या बौद्धवस्तीतला असला, तर देवळापर्यंतच्या मिरवणुकीतही त्यानं सगळ्यांच्या मागं, पाराच्या अलीकडं थांबायचं. म्हणजे दादाला एकाच संध्याकाळी दोनदा पुसून टाकलं. एकदा गडी म्हणून, एकदा आमचा म्हणून.

आता तो गडी काय करत होता ते ऐका. मिसरूड फुटायच्या आधीपासून दादा त्या घरचे बैल सांभाळत होता. पहाटे गुंजवणी नदीच्या वाळूत त्यांना चालवायचा, म्हणजे पायांत बळ भरतं. शर्यतीत तो आसूड कमरेला खोचलेला ठेवायचा. नुसत्या हाळीवर गाडी काढायचा. डाव्या अंगाचा बैल मात्र भोंग्याला भ्यायचा. आवाज झाला की मान वाकडी करून, धाव सोडून रान धरायचा. मग दादानं काय करावं? पंचक्रोशीत जिथं लग्न, तिथं हा बैल घेऊन हजर. मांडवाबाहेर भोंग्याखाली बैल धरून उभा राहायचा, गाणी संपेपर्यंत.

वऱ्हाडी हसायचे. "काय रं, बैलासाठी सोयरीक बघाय आलायस व्हय?"

"व्हय की. पर पोरगी पसंत पडंना त्येला."

असा तो बैल भोंग्याला सरावला. ज्या मैदानात तो बिनघोर धावला, त्या मैदानातल्या भोंग्याला दादाचं नाव तेवढं उच्चारता आलं नाही.

शर्यतीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मालकांच्या ओसरीखाली जाऊन उभा राहिला. मी सुट्टीला घरी आले होते, पुण्याच्या मुलींच्या वसतिगृहातून. मीही बरोबर गेले, कुणी बोलावलं नव्हतं तरी.

"मालक, येक मागनं हाय. पुढच्या मैदानाला माजंबी नाव पुकारा. तुमचं झाल्यावर. बैलांचं झाल्यावर पुकारलं तरी चालंल."

मालक सुपारी कातरत होते. "तुजं नाव? मंग वंगण कुठनं आणलं त्येबी पुकारू का? गाडी माजी, बैलं माजी, चारा माजा. तुजं काय व्हतं रं तिच्यात?"

"म्या व्हतो की तिच्यात," दादा म्हणाला.

त्या दिवसापासून त्यानं त्या गाडीला हात लावला नाही. नसरापूरकडचे दोन मालक त्याला घ्यायला आले. दादानं दोघांनाही तेच विचारलं, दोघंही तसेच परत गेले. आई चिडली. "आरं, नावानं प्वाट भरतं का?"

"न्हाई भरत. पर त्याबिगर म्या चढनार न्हाई."

हे सोपं नव्हतं. गाडीवानाची वर्षं थोडी असतात. धावत्या गाडीच्या दांडीवर उकिडवं बसून कंबर आणि गुडघे कामातून जातात. तिशी उलटलेल्याला कुणी कासरा देत नाही. एक हंगाम घरी बसलं की तो गेलाच. दादा हे माझ्यापेक्षा चांगलं जाणून होता, आणि तरी तो कापूरहोळच्या एका गॅरेजात पंक्चर काढायला जाऊन बसला.

तिथं भिंतीवर, टायरच्या जाहिरातीशेजारी, कुठल्याशा इंग्रजी मासिकातलं पान डकवलेलं होतं. जमिनीला चिकटल्यासारखी बुटकी मोटार, आणि तिच्यात टोप काखेत धरून बसलेला एक जपानी पोरगा. मी भेटायला गेले तेव्हा दादानं ग्रीसच्या बोटानं ते पान दाखवलं. "वाच, काय लिवलंय."

मी वाचून सांगितलं. हा शर्यतीची मोटार हाकतो. आधी लहान मोटारी हाकल्या, मग कंपनीनं हेरला, आता परदेशातल्या मैदानांत जातो.

"गाडी त्याची का?"

"नाही. कंपनीची."

"आन् खाली मोठ्या अक्षरात नाव कुनाचं हाय?"

"त्याचं."

दादानं वाकून ते पान जवळनं पाहिलं. मग म्हणाला, "माज्याच वयाचा दिसतोय. त्येला कुनी उतर खाली म्हनलं नसंल."

मी त्या रात्रीच पत्रक लिहायला घेतलं. वसतिगृहात आम्ही पत्रकं लिहायला शिकलो होतो, त्याच वळणानं लिहिलं: सरंजामशाही, श्रमाची लूट, सांस्कृतिक वर्चस्व. सकाळी दादाला वाचून दाखवलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "ह्यात गाडी कुठं हाय?" मी सगळं फाडलं. नवं पत्रक चार ओळींचं झालं. वर मोठ्या अक्षरात: गाडी मालकाची, पण हाकली कुणी? खाली जत्रेतला प्रकार. दादाचं नाव घालणार होते, तर त्यानं हात धरला. "पयलं भोंग्यावर. मंग कागदावर." म्हणून त्या पत्रकात त्याचं नाव नव्हतं, आणि म्हणूनच इथंही नाही.

नसरापूरच्या बाजारात मी पत्रकं वाटायला उभी राहिले. आणि भलतंच झालं. त्याच हंगामात चहाच्या एका कंपनीनं बाजारात कोड्याचे कागद वाटले होते; बरोबर उत्तराला पितळी डबा बक्षीस. लोकांना वाटलं, हेही त्यातलंच!

"ताई, उत्तर हितंच सांगायचं का टपालानं धाडायचं?"

"अगं, मला ठावं हाय त्येचं नाव!" कांदे विकणारी एक म्हातारी उठून उभी राहिली आणि दादाचं नाव बाजारभर ऐकू जाईल असं ओरडली. वर हात पुढं केला. "आण डबा."

"आजी, कोडं नाही हे. अन्याय झालाय."

"आसंल. पर उत्तर बराबर हाय न्हवं?"

तिच्या मागं अजून चारजण तेच नाव सांगायला उभे. माझं डोकं तापलं. मी त्यांना समजावायला लागले, तर दादा, जो गॅरेजातनं तसाच काळ्या हातांनी आला होता, माझ्या कानाशी म्हणाला, "गप. वरडू दे त्यास्नी. आनखी वाट."

ते कागद कुठं कुठं पोचले कुणास ठाऊक. पंधरवड्यात हिर्डोशीकडचा एक गाडीवान डोंगर उतरून, एसटी चुकली म्हणून चालत कापूरहोळला आला. मराठ्याचा, जमीनजुमलावाल्या घरचा. गाडी सख्ख्या चुलत्याची. म्हणाला, "ह्ये कोडं आमच्या गावात वाटा. माजं नाव तर कुनालाच सांगता यायचं न्हाई." मग आणखी आले. मी मात्र पत्रकात एक ओळ वाढवली: बाकीचे गाडीवान भोंग्यावर नाहीत, पण मिरवणुकीत आहेत, माझा भाऊ दोन्हीकडं नाही. आलेल्यांतल्या एकानं ती ओळ गाळायला सांगितली. मी गाळली नाही. तो निघून गेला. हिर्डोशीचा राहिला.

पुढच्या मैदानाला गाड्या रांगेत लागल्या आणि सगळे गाडीवान खाली उतरून बैलांच्या पुढं उभे राहिले. नाव नाही तर कासरा नाही. दादाकडं गाडी नव्हती, तरी तो रांगेच्या टोकाला उभा. पंचांनी भोंग्यावर पुकारलं, "गाडीवान मंडळींनी सहकार्य करावं." तेवढ्यातही नाव नाही, नुसती मंडळी! एक मालक धोतर खोचून स्वतःच गाडीवर चढले. त्यांची गाडी सरळ उसाच्या रसाच्या दुकानात शिरली, आणि बैल निवांत चिपाडं खायला लागले. मैदान हसून हसून बेजार. शर्यत झाली नाही.

मग दादाच्या जुन्या मालकांचा निरोप आला. यंदाच्या चैत्रातल्या जत्रेत गाडी दादाच हाकू दे, नाव पुकारू. पण नुसतं पहिलं नाव. आडनाव नको, देवाचा कार्यक्रम आहे.

आडनाव का नको, हे या भागात पोराटोरांनाही कळतं. आडनाव ऐकलं की वस्ती कळते. म्हणजे भोंग्यावरही पाराच्या अलीकडंच थांबवायचं.

आईलासुद्धा वाटलं, घ्यावं पदरात. हंगाम जातोय. दादानं निरोप आणणाऱ्याला पाणी दिलं आणि सांगितलं, "माजं, माज्या बापाचं आन् आडनाव. तिन्ही पुकारलं तर चढतो. न्हाई तर गाडीपाशी हुबा ऱ्हातो. दिवसभर ऱ्हातो. त्यास्नी सांगा, म्या येतोय."

तो येणार आहे. हिर्डोशीचा येणार आहे. बाकीचेही येतील, पण मालक, पंच, पोलीसपाटील यांच्यापुढं मूठभर गाडीवान किती वेळ टिकतील, हे सांगता येत नाही. टिकले नाहीत, तर माझ्या भावाचा हा हंगाम गेला, आणि बहुधा पुढचेही.

तुम्ही जत्रेला येणार, हे मला माहीत आहे. दरसाल येता. या, रेवड्या घ्या, पाळण्यात पोरं बसवा. पण गाड्या रांगेला लागल्या की उठून पंचांच्या मांडवापाशी या, भोंगेवाल्याच्या तोंडासमोर उभे राहा आणि प्रत्येक गाडीवानाचं पुरं नाव मागा, आडनावासकट. ते ऐकू येईपर्यंत एकही गाडी सुटू देऊ नका.