दगड धरायला माणूस

हिवाळ्यात सियोम नदीचं पाणी उतरलं, पात्रातले दगड उघडे पडले, की आमचं अख्खं गाव वाकून चालायला लागतं. दगडाखाली तारी असते. तारी म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा, काळपट तपकिरी, पाठीवर ढाल बांधल्यासारखा दिसणारा किडा. बोट लागलं की तिला असा वास सुटतो की परका माणूस पळ काढतो आणि आमच्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं. मिरची आणि आंबवलेला बांबूचा कोंब घालून वाटली की भात कमी पडतो. घाईची माणसं नदीवरच जिवंत तोंडात टाकतात. फार झाली तर डोकं गरगरतं. म्हणून तर फार खातात.

अशा गावात तारी सापडल्यावर ती न खाता तिचा फोटो काढणारा एकच माणूस निपजला, केंजुम लोयी. बाप गुमकेन, म्हणून हा केंजुम, आणि याचा मुलगा जुमतो. आमच्यात बापाच्या नावाचं शेपूट धरूनच मुलाचं नाव चालायला लागतं. गुमकेन दात पडल्यावरही हिरड्यांनी तारी चघळायचा. पोराकडे नावाचं शेपूट आलं, जिभेची चव तेवढी वाटेत गळाली.

केंजुमने तीस वर्षं रस्त्यांवर ओव्हरसियर म्हणून काढली. पावसाळ्यात रस्ता वाहून गेला की इथे रस्ता होता हे वरच्या साहेबांना पटवायला फोटो पाठवावे लागत. त्यात कॅमेरा हाताला बसला. नाहीशा झालेल्या रस्त्यांचे फोटो काढून काढून माणूस शेवटी जे आहे त्याच्याकडे वळला असावा. निवृत्त झाल्यावर त्याने कॅमेऱ्यावर बसवायचं एक भिंग घेतलं. त्यातून दोन बोटांएवढं जग दिसतं, पण ते असं की तारीच्या पाठीवरचा खड्डान् खड्डा मोजावा. खड्ड्यांची सवय होतीच. मिशीवर नजर बसवली तर डोळा धूसर, डोळ्यावर बसवली तर मिशी धूसर, आणि श्वास घेतला तर सगळंच हललं. म्हणून हा थंड वाळूत पालथा पडायचा, कोपराखाली तांदळाची पिशवी, फ्लॅशसमोर दह्याच्या डब्याचं कापलेलं पांढरं झाकण. एकदा असाच पडला असताना मागून एक मिथुन आला. मिथुन म्हणजे आमचा बैलाहून दांडगा, अर्धा रानातला, अर्धा गावातला प्राणी. त्याला मिठाची भारी हौस. त्याने केंजुमची घामट मान सावकाश चाटली. केंजुम मागे न बघता म्हणाला, "थांब गं यापी, झालंच."

यापी त्याची बायको, जुमतोची आने म्हणजे आई. ती तेव्हा तीन हातांवर उभी राहून हे बघत होती, आणि पुढची बारा वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयतीला तिने हा किस्सा सांगितला.

तारी काढण्यात यापीचा हात धरणारं कोणी नव्हतं. दगडाच्या कडेची वाळू बघून ती सांगायची की आत आहे की नाही. डाव्या हाताने ती दगड एका बाजूने उचलून धरायची, केंजुम आधीच पालथा पडून तयार असायचा. दगड उचलला की तारी क्षणभरच जागची हलत नाही. थंडीत चुलीभोवती दाटीने झोपलेल्या घरासारखी सगळी एकमेकींना चिकटून असते. उजेड लागला की पांगापांग. त्या क्षणात फोटो निघायचा, केंजुम "हं, ठेव" म्हणायचा, पण ठेवायच्या आधी यापीचा उजवा हात सगळ्यांना बांबूच्या नळीत भरून मोकळा व्हायचा. ज्यांचा फोटो निघाला त्यांची संध्याकाळी चटणी. फोटो काढून घेणं आमच्या तारीला कधी लाभलं नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी यापी गेली. त्यानंतर केंजुमचे फोटो थांबले नाहीत, पण दगडाखालचे थांबले. दगड उचलायचा, मग कॅमेऱ्यामागे पडायचं, तोवर वाळू रिकामी. दोन हिवाळ्यांत त्याने दोनशेवर फोटो काढले. पानावर एक, काटकीवर एक, संत्र्याच्या सालीवर एक. सगळ्यांत एकच.

त्यात जुमतोने ठरवलं होतं की मोपिनचा सण झाला की बापाला कायमचं इटानगरला न्यायचं, तिसऱ्या मजल्यावर. "तिकडेही किडे असतात, आबो," तो फोनवर म्हणाला. "बाथरूममध्ये भरपूर." केंजुम त्याला हो म्हणाला. पण जाण्याआधी त्याला एकच फोटो हवा होता, ती दाटी, एकदाच.

आणि तोवर नदी गावाने पालथी घातली होती. भरवशाचा एकच दगड उरला होता, वळणावरचा, यापीचा. पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी तो ती दरवर्षी सोडायची. जो तो उचलून खाईल त्याच्या पोटात तारी जन्मभर चालत राहील, असं तिने जाहीर केलं होतं. ती गेल्यावरही त्याला कोणी हात लावला नाही. जिवंतपणी तिच्या तोंडाला भ्यायचे, आता तर उलट उत्तर द्यायचीही सोय नव्हती.

केंजुमने आधी दुसऱ्या दगडांवर एकट्याने खटपट केली. बांबूची तरफ लावली, दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली. दगड उठला, परत बसला, आणि दोरीमागोमाग अंगठाही त्याच्याखाली गेला. तेव्हा लंगडत तो शेजारच्या गेपीकडे गेला. गेपीही एकटीच. यापीशी तिची चाळीस वर्षांची मैत्री आणि तेवढ्याच वर्षांची चुरस.

"दगड धरायला माणूस हवंय," तो म्हणाला.

"माणूस हवंय की बायको?"

"दगडापुरतं माणूस."

"कुठला दगड?"

"वळणावरचा."

"आचि, त्याच्यावर शाप आहे." आचि म्हणजे आमच्यात दादा.

"खाणाऱ्याला. बघणाऱ्याला नाही."

"गावात नुसता बघणारा तू एकटा," गेपी म्हणाली. "मी खाणाऱ्यांतली." पण टोपली उचलून निघाली.

आधी एका लहान दगडावर तालीम झाली. गेपीने दगड उचलला, केंजुमने श्वास रोखला, आणि फोटोत आली गेपीची चार धूसर बोटं. वर बघतो तर तिच्या ओठांतून एक पाय बाहेर हलत होता.

"मी नाही घातला," चावत चावत ती म्हणाली. "हात गेला."

"त्या दगडाशी गेला तर?"

"त्याला काय सांगू? साठ वर्षं जातोय."

दुसऱ्या दिवशी केंजुम काठोकाठ भरलेला पोकाचा पेला घेऊन आला. पोका म्हणजे आमची भाताची दारू.

"मजुरी आधीच?" गेपी खूश झाली.

"प्यायचा नाही. उजव्या हातात धरायचा. सांडलास तर दुसरा मिळणार नाही."

गेपीने आधी पेल्याकडे, मग त्याच्याकडे बघितलं. "तीस वर्षं रस्ते बांधून तुला एवढीच अक्कल आली," ती म्हणाली, आणि पेला घेतला. भरला पेला हातात असताना आमच्याकडे भूकंपातही माणूस जपून पळतो.

वळणावर केंजुम पालथा पडला. गेपीने डाव्या हाताने दगड उचलला. खाली तीसेक तारी, ढालीला ढाल लावून, एकही हललेली नाही. गेपीचा उजवा हात पुढे निघाला. पेला हलला, सांडला नाही.

"एवढ्या जवळ बसतात होय," ती हळूच म्हणाली. "मी कधी बघितलंच नाही. दिसली की उचलली."

कॅमेरा वाजला.

"हं यापी, ठेव," केंजुम म्हणाला.

चाळीस वर्षांत गेपीने त्याचं एक वाक्य टोमण्याशिवाय जाऊ दिलं नव्हतं. हे जाऊ दिलं. तिने दगड त्याच्या जुन्या खाचेत अलगद बसवला. मग पेला एका दमात रिकामा केला.

"चल, ऊन गेलं."

"तू हो पुढे," तो म्हणाला. तो तसाच पालथा होता.

संध्याकाळी त्याने फोटो जुमतोला पाठवला. आधी अंगठा आला. मग मजकूर आला, 'आबो, किती वर्षांत खाल्ली नाही. येताना घेऊन ये.'

केंजुमने एका बोटाने लिहिलं, 'यंदा मिळाली नाही.'

'मग फोटोत काय आहे?'

केंजुमने फोन खाली ठेवला. चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं, परत फोन घेतला. 'ही तुझ्या आनेची आहे,' त्याने लिहिलं.

मग जुमतोचा फोनच आला.

"थंडी आहे का तिकडे?" जुमतोने विचारलं.

"आहे."

"किती होत्या?"

"एकतीस. मोजल्या."

"जेवलास?"

"हो," केंजुम म्हणाला. भात अजून चुलीवरच होता. फोन ठेवायला मात्र दोघांपैकी कोणी तयार होईना.